बिननेढ्याची सुई

मला नेढं नाही. माझ्यातून कधी कुणी दोरा ओवला नाही, की कुणाच्या सदऱ्याला मी बटण लावलं नाही. तरीही मी सुईच आहे, आणि मित्रांनो, आता जुनी झाले आहे. सध्या माझा मुक्काम एका अर्ध्या पेन्सिलीच्या टोकात असतो. सुईला कसली आली आहे हकीकत, असं म्हणून उठू नका. माझी उंची तुमच्या करंगळीच्या पेराएवढीही नाही, तेव्हा हकीकतही फार लांबणार नाही.

माझा जन्म एका रिळातला. टंगस्टन नावाच्या कडक धातूची तार त्या रिळावर गुंडाळलेली होती, आणि ते रीळ टेबलाच्या तिसऱ्या खणात मोडक्या पट्ट्या नि संपलेल्या पेनांच्या संगतीत पडून होतं. आमच्याच जातीची तार पूर्वी घराघरांतल्या दिव्यांत जळायची. लोक तिच्या उजेडात अभ्यास करायचे, जेवायचे, भांडायचे. आम्ही खणातल्या तारांनी मात्र उजेड पाहिलाच नव्हता.

एके दिवशी खण उघडला आणि एका बाईमाणसाने तारेचा तुकडा कापून घेतला. तिचं खरं नाव दारावरच्या पाटीवर असेल, पण ती पाटी मी कधी पाहिली नाही. तिथले एक काका तिला ताई म्हणत, म्हणून मीही तिला ताईच म्हणते. ताईने तो तुकडा चिमट्यात धरून एका झोंबऱ्या द्रावणाच्या पेल्यात उभा सोडला आणि त्यातून वीज खेळवली. तारेची कंबर हळूहळू बारीक होत गेली. मग खालचा भाग आपल्याच वजनाने तुटून खाली पडला. तो खालचा भाग म्हणजे मी. जी तुटून पडते तीच जास्त टोकदार निघते, असं ताईचं मत होतं. वरचा भाग म्हणजे माझी जुळी बहीण. ती चिमट्यातच राहिली. तिचं पुढे काय झालं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आम्ही एकाच क्षणी जन्मलो आणि त्याच क्षणी दुरावलो.

मला जिथे नेलं ती खोली तळघरात होती. तिथली जमीनसुद्धा बाकीच्या इमारतीपासून वेगळी तोडलेली होती, म्हणजे वर कुणी खुर्ची सरकवली तरी खाली हादरा येऊ नये. खोलीच्या मधोमध पोलादाचं एक मोठं भांडं, त्यात दुसरं भांडं, त्याच्या आत स्प्रिंगांना टांगलेली एक चौकट, आणि त्या चौकटीत मी, टोक खाली करून. हवा सगळी पंपाने उपसून काढलेली. थंडी तर अशी की तुमच्या पाण्याचा बर्फ त्यापुढे ऊबदार म्हणायचा. शून्याच्या खाली दोनशे एकोणसत्तर अंश. माझ्या टोकाखाली एका मऊ, चकचकीत धातूचं पटांगण होतं आणि त्या पटांगणावर लोखंडाचे सुटे अणू इकडेतिकडे पडलेले होते.

माझं काम सांगायला सोपं आहे. पटांगणाच्या अगदी जवळ जायचं, पण टेकायचं नाही. तुमच्या केसाच्या जाडीचे लाख भाग केले तर त्यातला एक भाग, एवढी फट ठेवायची. त्या फटीतून थोडी वीज पाझरते. तिच्यावरून खाली खड्डा आहे की उंचवटा, तिथे काही चाललं आहे की नाही, ते ताईला तिच्या पडद्यावर कळायचं. मी आणखी थोडी वाकले की खालचा अणू माझ्या मागे मागे यायचा. पाहिजे त्या जागी त्याला नेऊन सोडायचं आणि आपण वर यायचं. अशा रीतीने ताई एकेक अणू ओढून आणून ओळीत मांडत होती.

पण या कामाची एक अट होती आणि तिनेच माझं आयुष्य एकटं केलं. काम सुरू झालं की खोलीत कुणी थांबायचं नाही. कुणी नुसतं शिंकलं तरी मी थरथरायची. म्हणून ताई दिवा मालवायची, दार ओढून घ्यायची आणि दोन भिंतींपलीकडे जाऊन बसायची. गवयाची मैफल जमली की लोक पुढे सरकतात. माझी जमली की लोक पाय न वाजवता निघून जायचे. ज्या दिवशी मी उत्तम काम केलं, त्या दिवशी माझ्याजवळ कुणीही नव्हतं. असे दिवस पुष्कळ होते, आणि मला त्यांचा अभिमानही होता, पण एकटेपणा काही अभिमानाने भरून निघत नाही.

माझ्याजवळ माणसं यायची ती फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी. त्या दिवशी भांड्यात अतिथंड, द्रवरूप हेलियम भरायचा असे. थंडी टिकते ती त्याच्यावरच. भरताना इतका फुसफुसाट आणि खडखडाट होतो की काम बंदच ठेवावं लागतं. मला वर उचलून ठेवत आणि मग खोलीत दिवा लागे. हेलियमचं पिंप घेऊन येणारे ते काका म्हणजे हळूकाका. त्यांना सगळेच हळूकाका म्हणत, कारण दारातून कुणीही आत आलं की त्यांचा पहिला शब्द 'हळू' असायचा. स्वतः ते जाड कापडी सपाता घालून मांजरासारखे चालत. दाराशी सपातांची रांग लावलेली असे आणि चपला-बूट घालून आत येणाऱ्याची ते गय करत नसत. एकदा ताई ज्यांच्या हाताखाली काम करायची ते मोठे सर बुटांसकट आत आले, तेव्हा काकांनी त्यांच्यापुढे सपाता ठेवल्या आणि ते सपाता घालेपर्यंत शांतपणे उभे राहिले.

तुम्ही विचाराल, पोलादाच्या आत बसून तुला ऐकू कसं येत होतं? मित्रांनो, आमच्या जातीची ही खोडच आहे. जे जे हलतं ते आम्हाला कळतं. बोलणं भांड्याच्या अंगातून, स्प्रिंगांतून उतरत माझ्यापर्यंत यायचं. पावलांवरून तर मी कुणालाही ओळखायची.

भरणं तासभर चाले. त्या तासात ताई तिच्या आईला फोन लावायची आणि हात मोकळे राहावेत म्हणून तो भांड्याशेजारच्या फळीवर ठेवायची. आई दूर गावात एकटी राहून शिवणकाम करायची. फोनवर बोलतानाही तिचं मशीन थांबत नसे. त्या खडखडाटात माझ्याच जातीची एक सुई भराभर टाके घालताना मला ऐकू येई, आणि का कोण जाणे, बरं वाटे. आईचा पहिला प्रश्न ठरलेला होता.

"आज कोणाशी बोललीस का गं?"

"सुईशी बोलले."

"काय म्हणाली ती?"

"काही नाही म्हणाली."

आईला ती थट्टा वाटायची. पण ते शब्दशः खरं होतं, आणि ते कसं, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण माझ्या आयुष्यात जे काही बरंवाईट घडलं ते त्यातूनच घडलं.

पटांगणाच्या एका कोपऱ्यात थोडी जागा अगदी स्वच्छ होती. तिथे ना अणू, ना खड्डा. ताई तिला कोरी जागा म्हणायची. रोज सकाळी, आणि प्रत्येक अणू हलवून झाल्यावर, ताई मला तिथे नेऊन विचारायची, की काय दिसतं? तिथे काहीच नसल्यामुळे मला 'काही नाही' असंच म्हणावं लागे. पडद्यावर सरळ रेघ उमटायची. सरळ रेघ उमटली म्हणजे माझं टोक स्वच्छ आहे, आणि मी इतर ठिकाणी जे सांगेन ते तिथलंच असेल, माझ्या पदरचं नसेल. मग ताई बाहेरच्या खोलीत हळूच म्हणायची, "शाबास." भिंतींतून तो शब्द अगदी पुसट होऊन यायचा. जगात बाकीच्यांना काहीतरी दिसलं म्हणून शाबासकी मिळते. मला काही न दिसल्याबद्दल मिळायची, आणि मी तिच्यावर अख्खा दिवस काढायची.

ताईला बांधायची होती चोवीस अणूंची साखळी. कागदावरची गणितं असं सांगत होती, की अशी साखळी नेमकी जुळली तर तिच्यात एक विलक्षण गोष्ट वस्तीला येते. तिचा अर्धा भाग साखळीच्या या टोकाला राहतो आणि अर्धा त्या टोकाला. मधे काहीच नाही. तरी ती दोन नसते, एकच असते. एका टोकाला धक्का लागला तरी दुसरं टोक तिला धरून ठेवतं. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझी बहीण आठवली, पण ते असो.

त्या एका गोष्टीसाठी ताईची सहा वर्षं गेली होती. तिच्याबरोबर आलेले सगळे कधीच आपापलं काम आटोपून निघून गेले होते. तिच्या आधीच्या तीन सुयांनी साखळ्या अर्ध्यावर मोडल्या होत्या. मी चौथी. माझ्यावर तिने अकरा महिने काढले. सतराव्या अणूने तर आमच्या नाकी नऊ आणले. पंधरा दिवस तो जागचा हलायला तयार नव्हता, आणि हलला तेव्हा नको तिकडे गेला. तेवीस अणू लागले तेव्हा ताईने साखळीच्या मध्यावर मला नेऊन विचारलं. मी खरंच सांगितलं, की काही नाही. सरळ रेघ. तो सोमवार होता. हा सोमवार लक्षात ठेवा.

गुरुवारी सकाळी चोविसावा अणू जागेवर बसला. मी त्याला सोडून वर येऊ लागले आणि येता येता जवळच पडलेला एक भलताच अणू माझ्या टोकाला चिकटला. मला ते तत्क्षणी कळलं. जेवताना दातात कण अडकला की तुमची जीभ सारखी तिथेच जाते ना, तसं झालं. तो अणू गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याची स्वतःची एक बारीक गुणगुण होती आणि आता मी जिथे जाईन तिथे ती माझ्याबरोबर येणार होती. मी मनाशी म्हटलं, काही हरकत नाही. आता ताई कोऱ्या जागी नेईल, विचारील, तिला आपोआप कळेल.

पण ताईने मला कोऱ्या जागी नेलं नाही. सहा वर्षं ज्या चोविसाव्या अणूची वाट पाहिली तो बसला होता, तेव्हा तिला धीर कुठून असणार? ती मला सरळ साखळीच्या डाव्या टोकाला घेऊन गेली. तिने विचारलं आणि पडद्यावरच्या रेघेच्या बरोबर मधोमध एक उंचवटा आला. उजव्या टोकाला नेलं, तिथेही तसाच. तो उंचवटा माझ्या टोकावरच्या त्या चिकटलेल्या पाहुण्याचा होता, मित्रांनो. साखळीचा नव्हता.

ताई धावत आली. सपाता न घालता, बुटांनी. तिची पावलं मला इतकी जोरात लागली की मी बराच वेळ लटपटत राहिले. पाठोपाठ सरही आले. टाचा आपटत चालायची त्यांची सवय मला ठाऊक होती. दोघं भांड्याजवळ उभी राहिली.

"दोन्ही टोकांना?" सरांनी विचारलं.

"दोन्ही."

"आणि मध्यावर?"

"मध्यावर काही नाही सर. सोमवारी बघितलं होतं."

इथेच चूक झाली. सोमवारी माझं टोक स्वच्छ होतं आणि गुरुवारी नव्हतं. मध्यावर मी स्वच्छ तोंडाने बोलले होते आणि टोकांवर पाहुण्याला घेऊन. सरांनाही ते सुचलं नाही. त्यांनी भांड्यावर थाप मारली. तशी कुणी मारत नसे. "पुढच्या शनिवारी सभा आहेच," ते म्हणाले. "बाहेरगावची दोनशे माणसं येतायत. तू बोल."

त्यानंतरचे आठ दिवस मी कधी विसरणार नाही. जी खोली महिनोन् महिने रिकामी असायची, तिच्या दारापर्यंत माणसं येऊ लागली. हीच का ती, असं दारातून विचारून जाऊ लागली. ताई रोज मला या टोकाला न्यायची, त्या टोकाला न्यायची, पुन्हा पुन्हा तेच विचारायची आणि दर वेळी तोच उंचवटा यायचा. आता तुमच्यापाशी कबूल करते. मलाही ते आवडलं. 'काही नाही' म्हणण्यात आयुष्य गेलेल्या सुईला पहिल्यांदाच काहीतरी दिसलं होतं, आणि सगळे कौतुक करत होते. टोकावरचा पाहुणा गुणगुणत होता आणि मी गप्प होते.

खरं तर मला बोलताच येत नाही. मला विचारावं लागतं, आणि योग्य जागी विचारावं लागतं. पण ताईने तरी विचारलं का नाही? पहिल्या दिवशी आनंदात राहून गेलं. दुसऱ्या दिवशी घाई होती. तिसऱ्या दिवसापासून मात्र मला वाटतं, तिला भीती वाटत असावी. कारण बुधवारी तिने मला साखळीपासून दूर न्यायला सुरुवात केली. कोरी जागा अगदी अर्ध्या वाटेवर राहिली. तिथे मी थांबले, पुष्कळ वेळ थांबले. मग तिने मला परत फिरवलं.

सभेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, हळूकाका पिंप घेऊन आले. मला वर उचललं, खोलीत दिवा लागला, ताईने फोन फळीवर ठेवला. आईचं मशीन त्या दिवशी चालू नव्हतं. ते माझ्या आधी ताईच्याच लक्षात आलं.

"आज मशीन बंद कसं गं?"

"उसवत बसलेय," आई म्हणाली. "शाळेचे गणवेश. टाके सुटत होते. दोन दिवस मी कापडालाच नावं ठेवली. मग दोरा बदलला, मग तेल घातलं. शेवटी आज सकाळी सुई काढून नखावरून फिरवली. टोक इतकुसं मुडपलेलं. डोळ्याला दिसतसुद्धा नव्हतं."

"तू तर आम्हाला सांगायचीस, आधी सुई बघा म्हणून."

"सांगायचे ना. चाळीस वर्षं शिवतेय, मला काय ठाऊक नाही? पण बरेच कपडे शिवून झाले ना, की सुई बघायला धीर होत नाही. ती वाईट निघाली तर सगळं उसवावं लागतं."

पाइपातून हेलियम फुसफुसत होता.

"आहेस ना गं?"

"आहे. किती उसवलेस?"

"बावीस."

"रडू आलं?"

"रडायचं काय त्यात? चहा केला आणि बसले. तुझं सांग, उद्या आहे ना तुझं ते? कोणती साडी नेसणार आहेस?"

साडीचं काय ठरलं ते मला ऐकू आलं नाही, कारण ताईने फोन उचलून कानाला लावला होता. भरणं संपलं. हळूकाका पिंप ढकलत निघाले, तेव्हा ताई त्यांना म्हणाली, "काका, दार नीट ओढून घ्या. आज कुणालाही आत येऊ देऊ नका."

"सरांनासुद्धा?"

"त्यांनासुद्धा."

"बरं," काका म्हणाले, आणि दिवा मालवून गेले.

सगळी थरथर निवायला दोन तास लागतात. ते झाल्यावर ताईने मला खाली उतरवलं आणि चालायला लावलं. साखळी मागे राहिली. बुधवारची अर्धी वाट मागे राहिली. कोरी जागा आली. ओळखीची, स्वच्छ, कुणी नसलेली. मला आयुष्यात पहिल्यांदा तिथे जायची लाज वाटली. ताईने विचारलं. जिथे काहीच नव्हतं, तिथे मी उंचवटा दाखवला.

तिने जागा बदलून विचारलं. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा विचारलं. तोच.

नंतर बराच वेळ काही झालं नाही. मग दार उघडलं आणि सपातांची पावलं आली. ताईने भांड्याच्या गार अंगावर तळहात ठेवला. मला वाटलं आता ती चिडेल, भांड्यावर हात आपटेल. तिने तसलं काही केलं नाही.

"तू होतीस होय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "मीच विचारलं नाही."

सुईच्या टोकाला चिकटलेलं काढायचा एकच उपाय असतो. तिला खालच्या पटांगणात खुपसायचं. ताईने मला कोऱ्या जागेत खुपसलं. ते दुखतं की नाही हे मी सांगत बसत नाही. वर आले तेव्हा पाहुणा गेला होता. मात्र माझं टोकही पूर्वीचं राहिलं नव्हतं. जरा बाजूच्या जागी तिने विचारलं, मी म्हटलं, काही नाही. मग ती मला साखळीच्या डाव्या टोकाला घेऊन गेली. माझी फार इच्छा होती, की तिथे काहीतरी असावं. अगदी थोडं असतं तरी मी ते शोधून तिच्या पदरात टाकलं असतं. पण जे नाही ते कसं सांगणार? डाव्या टोकाला काही नाही. उजव्या टोकाला काही नाही. मध्यावर काही नाही. चोवीस अणू ओळीत शांत बसले होते आणि सहा वर्षांच्या कष्टांवर सरळ रेघ ओढली गेली होती. भिंतीपलीकडून शाबासकी आली नाही. तिची वाट पाहण्याचा मला हक्कही नव्हता.

संध्याकाळी सर आले. दाराशी हळूकाकांनी त्यांना अडवलं असावं, कारण ताई स्वतः जाऊन त्यांना घेऊन आली. तिने सगळं सांगितलं.

"उद्या सभा आहे," सर म्हणाले.

"हो सर."

"पुन्हा एकदा बघायचं का?"

"तीनदा बघितलं."

"दोनशे माणसं काय 'नाही दिसलं' हे ऐकायला येतायत?"

"ते मला माहीत नाही. मी आधी कोऱ्या जागेचं चित्र दाखवीन. मग माझी चूक दाखवीन. मग साखळी."

सर पायरीवर बसले. मग म्हणाले, "मध्याचं मी सोमवारचं कसं चालवून घेतलं गं?" सर उठून गेले तेव्हा त्यांच्या टाचा आपटल्या नाहीत. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच.

सभेत काय झालं ते मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हते. मी पोलादाच्या भांड्यात, अंधारात, चोवीस गप्प अणूंच्या वर टांगलेली होते. आणि त्या दिवशी कोणतंही काम चालू नव्हतं, तरी कुणी आलं नाही.

खुपसून माझं टोक फताडं झालं होतं. आता माझ्याने अणू हलेना. पुढच्या महिन्यात भांडं गरम होऊ दिलं आणि मला बाहेर काढलं. आमच्यासारख्या निकामी सुयांची काचेची एक बरणी होती. हळूकाकांनी चिमट्यात मला धरून विचारलं, "ताई, टाकू का हिला?"

"नको काका. ही राहू दे."

तिने मला काड्यापेटीत कापसावर निजवलं आणि सुट्टीला निघाली तेव्हा बरोबर नेलं. आईला तिने सगळी गोष्ट सांगितली, कोऱ्या जागेची, शाबासकीची, उंचवट्याची. आईने मला उजेडाकडे धरून पाहिलं.

"हिला नेढं कुठंय?"

"नाही."

"मग ही सुई कसली?" म्हणत तिने मला नखावरून हळूच फिरवलं आणि बोट मागे घेतलं. "अगं बाई. हिला बोथट म्हणतेस तू?"

आईने एका अर्ध्या पेन्सिलीचं शिसं कोरून त्यात मला घट्ट बसवलं. तेव्हापासून मी शिवण उसवायचं काम करते. कापड जराही न दुखवता नेमका चुकीचा टाका उचलायचा, हे मला चांगलं जमतं. इथे ऊब आहे, खिडकी आहे, आणि मी काम करत असताना कुणी खोली सोडून जात नाही. पण चूक झाली तरच माझी आठवण होते, आणि आईच्या चुका फार थोड्या. बाकी दिवस मी डब्यात पडून असते. शेजारी टाचण्यांचा पुडा आहे, पण टाचण्या आपापसांतच बोलतात. कधी कधी मला ते थंड पटांगण आठवतं आणि तिथली ती कोरी जागा. माझ्या बहिणीला कुणी कधी कोऱ्या जागी नेलं असेल का, असंही मनात येतं.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशा मुक्या वस्तू असतील. तराजू, घड्याळ, थर्मामीटर, पट्टी. त्यांच्याकडून तुम्ही रोज काही ना काही विचारून घेता. अधूनमधून त्यांना एखाद्या कोऱ्या जागीही नेत जा. त्यांनी मनासारखं सांगितलं की लगेच डोक्यावर घेऊ नका, आणि 'काही नाही' म्हणाल्या तर रागावू नका. खरं 'काही नाही' सांगायलाही टोक स्वच्छ लागतं. आणि ते स्वच्छ ठेवणं आमच्या हातात नसतं, तुमच्या हातात असतं.

आता एवढंच राहिलं. मंगळवारी आणि शुक्रवारी फोन येतो. पूर्वी मी तिकडून ऐकायची, आता इकडून ऐकते. ताई अजून तिथेच आहे. पाचवी सुई बसवली आहे आणि साखळी आता एकतीस अणूंची आहे. परवा शुक्रवारी आई नेहमीसारखी मशीन चालवत बोलत होती.

"आज कोणाशी बोललीस का गं?"

"सुईशी बोलले."

"काय म्हणाली ती?"

"डाव्या टोकाला काहीतरी आहे म्हणाली."

आईचं मशीन थांबलं.

"कोऱ्या जागी नेलं होतंस का आधी?"

"आधीही नेलं, नंतरही नेलं. काही नाही म्हणाली. मध्यावरही आजच बघितलं. तिथेही काही नाही."

"आणि उजव्या टोकाला?"

"ते अजून विचारायचंय. हेलियम भरून झाला की सगळे बाहेर जातील, मग विचारीन."

आईने डब्यातून माझी पेन्सिल उचलली. उसवायचं काही नव्हतं, तरी उचलली आणि हातात धरून ठेवली.

"तिला शाबास म्हणालीस का?" तिने विचारलं.

तिकडे हेलियमचा फुसफुसाट ऐकू येत होता.

"राहिलंच," ताई म्हणाली.

"मग बाहेर जाण्याआधी म्हण. तिथे एकटीच असते ती."